आठवड्याच्या तक्त्यात आईचे तीन वार

शहरातल्या बऱ्याच घरांत फ्रिजवर किंवा स्वयंपाकघराच्या दाराआड एक कागद चिकटवलेला असतो. स्कूल व्हॅनची वेळ, बुधवारचा तबल्याचा क्लास, शनिवारचं स्विमिंग, आजोबांची शुगरची तपासणी, सोसायटीत पाणी बंद असण्याचा दिवस, असं सगळं त्यावर मांडलेलं असतं. अक्षर बहुधा आईचंच असतं. पण तिच्या स्वतःसाठी त्या कागदावर एकही ओळ नसते. तिचा व्यायाम ‘वेळ मिळाला तर’ या खात्यात जमा असतो, आणि तसा वेळ दिवस मावळेपर्यंत मिळत नाही.

हा वेळ जातो कुठे, ते केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणात नोंदलेलं आहे. २०२४ च्या सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात. घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. मुलांची आणि आजारी माणसांची देखभाल वेगळी. तिथे स्त्रियांची १३७ मिनिटं आणि पुरुषांची ७५. आधीचं सर्वेक्षण २०१९ चं. तेव्हा घरकामाचे आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बायकांचं काम दहा मिनिटांनी हलकं झालं आणि पुरुषांचंही जवळपास तेवढंच. मधली दरी होती तिथेच आहे.

दुसरीकडे, ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली आलेल्या अभ्यासाचा अंदाज आहे की २०२२ मध्ये भारतातल्या ५७ टक्के प्रौढ स्त्रियांची शारीरिक हालचाल पुरेशी नव्हती. पुरुषांमध्ये हे प्रमाण ४२ टक्के होतं. दिवसभर पायाला भिंगरी लावून फिरणाऱ्या बायकांबद्दल हा आकडा वाचून आश्चर्य वाटतं. दमणूक आणि व्यायाम या दोन वेगळ्या गोष्टी असल्यामुळे तो तसा आहे. ओट्यापाशी दोन तास उभं राहिल्यावर पाय भरून येतात, पण हृदयाची गती फारशी वाढत नाही आणि मांड्या-पाठीच्या स्नायूंची ताकदही वाढत नाही.

म्हणून आईच्या व्यायामाकडे तिच्या आळसाचा किंवा जिद्दीचा प्रश्न म्हणून पाहणं चूक आहे. तो घराच्या वेळापत्रकाचा प्रश्न आहे. तक्त्यात त्याला वार आणि वेळ मिळाली, तर तो होतो. नाही मिळाली, तर कितीही निश्चय केला तरी पंधरा दिवसांत बंद पडतो.

किती केला म्हणजे पुरे?

अनेकींची सुरुवातच अडते ती ‘रोज एक तास’ या कल्पनेमुळे. एक तास मिळणार नाही हे माहीत असतं, मग दहा मिनिटंही केली जात नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मात्र इतकी कडक नाही. प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराची हालचाल करावी, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस हालचाल करावी, आणि आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारे व्यायाम करावेत, एवढंच तिचं म्हणणं आहे.

या शिफारशीत २०२० साली एक बदल झाला. घाईत जगणाऱ्या आईसाठी तो फार मोलाचा आहे. त्याआधी, २०१० च्या सूचनांमध्ये, व्यायामाचा प्रत्येक टप्पा सलग दहा मिनिटांचा तरी असावा अशी अट होती. नव्या सूचनांमधून ती काढून टाकली. तीन मिनिटं जिने चढणं, पाच मिनिटं झपझप चालणं, मुलाबरोबर अंगणात चार मिनिटं पळापळ, हे सगळं आता बेरजेत धरता येतं.

मध्यम जोर ओळखण्याची खूण सोपी आहे. चालताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम जोर. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागलं, की तो जोरकस.

घरकाम यात धरायचं का? काही कामं धरता येतात. हाताने फरशी पुसणं, बादलीभर कपडे घासून धुणं, पाण्याच्या कळश्या वर नेणं यात चांगलाच दम लागतो. पोळ्या लाटणं, भाजी निवडणं, घड्या घालणं ही कामं वेळ खातात, पण त्यांचा जोर हलका असतो. शिवाय घरकामात शरीर एकाच बाजूला, एकाच पद्धतीने वाकतं. दिवसभर काम करूनही कंबर धरते, त्याला हेही एक कारण असतं. तेव्हा घरकाम करणारीलाही वेगळा व्यायाम लागतोच.

दहा हजार पावलांचंही ओझं नको. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीला आलेल्या एका पेडोमीटरच्या नावातून रूढ झाला. अमेरिकेत डॉ. आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी सोळा हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांचा अभ्यास केला, तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण स्पष्टपणे कमी होतं, आणि ७,५०० पावलांच्या आसपास हा फायदा स्थिरावला. या स्त्रियांचं सरासरी वय सत्तरीच्या पुढे होतं, त्यामुळे तिशीतल्या आईला तोच आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही. पण फोनवर ४,००० दिसले म्हणून दिवस वाया गेला असं समजण्याचं काही कारण नाही.

दिवसातल्या फटी

डोंबिवलीहून मुंबईला नोकरीसाठी जाणारी आई साडेपाचला उठते, डबे भरते, मुलाला व्हॅनमध्ये बसवते आणि गाडी पकडते. संध्याकाळी घरात शिरते तेव्हा अभ्यास आणि स्वयंपाक तिची वाट पाहत असतात. या दिवसात सलग तासाची जागा खरोखरच नाही. मात्र तुकड्यांची आहे.

पहिला तुकडा प्रवासातला. घर ते स्टेशन रिक्षाऐवजी पायी, तेही झपाझप. पूल चढताना सरकत्या जिन्याऐवजी साधा जिना. गर्दीच्या वेळी तो बहुतेकदा लवकरही पार होतो. ऑफिस पाचव्या मजल्यावर असेल तर निदान तिसऱ्यापर्यंत पायी. अशा एक-दोन मिनिटांच्या धापा टाकायला लावणाऱ्या हालचालींवर सिडनी विद्यापीठाचे इमॅन्युएल स्टामाटाकिस आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये अभ्यास मांडला. ब्रिटनमधल्या, कोणताही ठरवून व्यायाम न करणाऱ्या पंचवीस हजार लोकांच्या हालचाली मनगटावरच्या यंत्राने मोजल्या होत्या. दिवसातून साधारण तीन वेळा असा दम लागणाऱ्यांमध्ये पुढच्या काही वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण, तशी हालचाल मुळीच नसणाऱ्यांपेक्षा सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी आढळलं. निरीक्षणाच्या अभ्यासातून कार्यकारण सिद्ध होत नाही, हे लक्षात ठेवलं तरी जिन्याकडे वळायला एवढं पुरेसं आहे.

दुसरा तुकडा मुलांच्या क्लासचा. मूल आत कराटे शिकत असतं आणि बाहेर बाकावर पाच-सहा आया फोन पाहत बसलेल्या असतात. त्या पाऊण तासात जवळच्या रस्त्याच्या चार फेऱ्या सहज होतात. दोघी-तिघी मिळून निघाल्या तर संध्याकाळच्या अंधाराची धास्तीही राहत नाही. मैदानावर क्रिकेटचा सराव असेल तर मैदानाच्या कडेनेच चालावं. मूल नजरेसमोर राहतं.

तिसरा तुकडा रात्रीच्या जेवणानंतरचा. शतपावली आपल्याकडे पूर्वापार आहे आणि तिच्या बाजूने पुरावाही आहे. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली एका लहानशा अभ्यासात साठीपुढच्या, मधुमेहाचा धोका असलेल्या लोकांना प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटं चालायला लावलं. दिवसभराची रक्तशर्करा ताब्यात ठेवण्यात याचा उपयोग सकाळच्या सलग पाऊण तासाच्या चालण्याइतकाच झाला, आणि रात्रीच्या जेवणानंतरची साखर खाली आणण्यात तर जास्त. ज्या आईला गरोदरपणात मधुमेह झाला होता, तिला पुढे टाइप-२ मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा कित्येक पटींनी अधिक असतो. तिने तर रात्रीची ही दहा-पंधरा मिनिटं सोडूच नयेत. भांडी तेवढ्या वेळात दुसऱ्या कुणाला घासता येतात, किंवा ती थोडी थांबतात.

घरी असणाऱ्या आईचा दिवस वेगळा. तिच्याकडे मुलं शाळेत असतानाची वेळ असते, असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात ती वेळ बँक, वाणसामान, सासू-सासऱ्यांची औषधं आणि कामवाल्या मावशींच्या येण्याजाण्यात विरते. तिने मुलांना शाळेत सोडल्यावर घरी परतायच्या आधीच चालून यावं. एकदा उंबरठा ओलांडून आत आलं, की समोरचं काम दिसतं आणि पाय तिथेच अडकतात.

घरातली पंधरा-वीस मिनिटं

चालणं बऱ्याच जणी करतात, पण ताकदीचे व्यायाम बहुतेकींकडून राहूनच जातात. तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होऊ लागतात आणि पाळी थांबल्यावर हाडांची झीज वेगाने होते. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी शेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी थांबते. म्हणजे मुलं दहावी-बारावीत असतात, धावपळ सर्वांत जास्त असते, नेमक्या त्याच सुमारास हाडांना आधाराची गरज पडते. उचलणं, ढकलणं, ओढणं, बसून उठणं या हालचालींनी तो आधार मिळतो.

जिम परवडत असेल आणि जवळ असेल तर उत्तमच. नसेल तर घरात पुढचा क्रम पुरतो. आधी दोन मिनिटं जागच्या जागी चालावं, खांदे फिरवावेत. मग:

उठाबशा. सुरुवातीला मागे खुर्ची ठेवून, खुर्चीला जेमतेम टेकून उठावं. दहा-बारा वेळा. गुडघे पावलांच्याच दिशेने असावेत, आत वळू देऊ नयेत.

भिंतीवर दंड. भिंतीपासून हातभर दूर उभं राहून तळवे भिंतीला टेकवावेत, कोपरं वाकवून छाती भिंतीकडे न्यावी आणि परत यावं. हे सोपं वाटू लागलं की ओट्याच्या कडेवर, नंतर जमिनीवर गुडघे टेकून.

सेतुबंधासन. पाठीवर झोपून गुडघे वाकवावेत, कंबर उचलावी, पाच मोजेपर्यंत धरावी, हळू खाली आणावी. कमरेच्या दुखण्यात बऱ्याच जणींना याने बरं वाटतं.

ओढण्याचा व्यायाम. एक लिटरच्या पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या हातात घ्याव्यात, पाठ सरळ ठेवून थोडं पुढे वाकावं आणि कोपरं मागे खेचावीत. बाटल्या हलक्या वाटू लागल्या की पिशवीत दोन-तीन किलो तांदूळ भरून घ्यावा.

टाचा उचलणं. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला धरून करता येतं.

शेवटी प्लँक, म्हणजे पालथं होऊन कोपरांवर शरीर सरळ उचलून धरणं, आधी गुडघ्यांवर, जमेल तितके सेकंद. श्वास रोखू नये.

प्लँक सोडून प्रत्येक प्रकार दहा-बारा वेळा, आणि पूर्ण क्रम दोनदा. आठवड्यातून दोन दिवस केलं तरी दोन-तीन महिन्यांनी गॅसचा सिलिंडर सरकवताना आणि झोपलेल्या मुलाला उचलून नेताना फरक कळतो. शेवटच्या दोन-तीन वेळा जड गेल्या नाहीत, तर व्यायाम फार हलका झाला असं समजून वजन किंवा संख्या वाढवावी.

कमीत कमी जागेत होणारा आणखी एक व्यायाम महाराष्ट्राच्या ओळखीचा आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्कारांचा हिरिरीने प्रचार केला आणि संस्थानातल्या शाळांमध्ये ते रुजवले. त्यांच्या नमस्कारांवरचं इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनहून निघालं. बारा नमस्कार शांतपणे घातले तरी सहा-सात मिनिटांत होतात आणि वाकणं, ताणणं, हातांवर भार घेणं तिन्ही साधतं. गुडघे किंवा मनगटं दुखत असतील तर खुर्चीच्या आधाराने घालावेत.

कपड्यांवरून अडून राहू नये. मॉडेल आणि अभिनेते मिलिंद सोमण यांच्या आई उषा सोमण यांचे ऐंशीच्या घरात साडी नेसून दंड काढतानाचे व्हिडिओ लाखोंनी पाहिले आहेत. रोज चालणारीने पैसे खर्च करायचेच असतील तर ते बुटांवर आणि नीट आधार देणाऱ्या स्पोर्ट्स ब्रावर करावेत. बाकी काही विकत घ्यायची गरज नाही.

बाळंतपणानंतर बेताने

सव्वा महिना विश्रांतीची आपली जुनी रीत आणि डॉक्टरांनी सहा आठवड्यांनी तपासायला बोलावणं, दोन्ही मुदती साधारण सारख्याच आहेत. या काळात बाळंतिणीने नुसतं पडून राहावं असं मात्र नाही. गुंतागुंत नसेल तर घरातल्या घरात, मग दाराशी थोडं थोडं चालणं लवकरच सुरू करता येतं. सिझेरियन झालं असेल तर टाका भरेपर्यंत वजन उचलणं आणि पोटावर ताण देणं टाळावं. पुढचं डॉक्टरांच्या सल्ल्याने.

ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम बहुतेकींना सर्वांत आधी सुरू करता येतो. मूत्राशय आणि गर्भाशय यांना खालून आधार देणारे हे स्नायू गरोदरपणात आणि प्रसूतीत ताणले जातात. शिंकताना, खोकताना, हसताना लघवीचे थेंब जाण्याचा त्रास त्यातून होतो. असंख्य बायका तो वर्षानुवर्षं मुकाट सोसतात, कुणाला सांगत नाहीत, आणि त्यापायी बाहेर चालायला जाणंही सोडतात. यात लाजण्यासारखं काही नाही आणि बऱ्याच जणींना व्यायामाने आराम पडतो. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड कीगल यांनी १९४८ साली हा व्यायाम मांडला, म्हणून त्याला कीगल म्हणतात. लघवी आणि वारा रोखून धरताना जे स्नायू आवळतात, तेच आवळायचे, पाच-सहा सेकंद धरायचे, सैल सोडायचे. एका वेळी आठ-दहा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. पोट आणि मांड्या सैल, श्वास चालू. बाळाला पाजताना, लोकलमध्ये बसल्या जागी, कुणाला कळणारही नाही असा हा व्यायाम आहे. तीन महिन्यांनीही फरक पडला नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा या विषयातल्या फिजिओथेरपिस्टला दाखवावं.

पोट लवकर आत जावं म्हणून घाईने सिट-अप्स करू नयेत. गरोदरपणात पोटाचे मधले दोन उभे स्नायू एकमेकांपासून लांब जातात. झोपून डोकं उचलल्यावर बेंबीच्या रेषेत उंचवटा दिसत असेल तर फट अजून भरलेली नाही. आधी तपासून घ्यावं, मग सुरुवात करावी.

व्यायाम केल्याने दूध आटतं, अशी भीती घरोघरी घातली जाते. मध्यम व्यायामाने दुधाचं प्रमाण किंवा बाळाची वाढ कमी होत नाही, असं स्त्रीरोगतज्ज्ञ सांगतात. आधी पाजून घ्यावं, म्हणजे छाती जड वाटत नाही. पाणी भरपूर प्यावं.

थकवा मात्र नुसता वेळापत्रकाचा आहे असं धरून चालू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. एक जिना चढून छाती धडधडत असेल, चक्कर येत असेल, केस गळत असतील तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी आधी करावी. रक्तक्षय असताना जोर लावून व्यायाम करण्यात अर्थ नाही; औषधाने रक्त वाढलं की तीच चाल सोपी होते. छातीत दुखणं, शुद्ध हरपल्यासारखं होणं, बाळंतपणानंतर अचानक रक्तस्राव वाढणं, एका पायाच्या पोटरीला सूज येऊन दुखणं, यांपैकी काहीही झालं तर व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांकडे जावं.

घराशी बोलणी

मुष्टियोद्धा मेरी कोम २००७ साली जुळ्यांची आई झाली आणि २००८ मध्ये पुन्हा जगज्जेती. तिच्या मेहनतीबद्दल खूप लिहिलं जातं. ती सरावाला जात असताना मुलांना घरच्यांनी सांभाळलं, ही गोष्ट मात्र त्यामानाने कमी सांगितली जाते. पदकाचं सोडा, संध्याकाळी अर्धा तास चालायलाही तीच व्यवस्था लागते. त्या अर्ध्या तासात मूल कुणाकडे आणि कुकर कुणाकडे, हे आधी ठरलेलं असावं लागतं.

‘मला जरा मदत करत जा’ असं मोघम सांगून हे ठरत नाही. काम, वार आणि वेळ, तिन्ही उच्चारावं लागतं. नवऱ्याला सांगताना: “मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी सहा ते साडेसहा मी हॉलमध्ये व्यायाम करणार. त्या दोन दिवशी दूध तापवणं आणि मुलांना उठवणं तुझ्याकडे.” सासूबाई घरात असतील तर: “आई, रविवारी मी सात वाजता टेकडीवर जाऊन येते. चहा तुमचा तुम्ही घ्याल ना? नाश्ता आल्यावर सगळे मिळून करू.” बहुतेक घरांत पहिल्यांदा कुरकुर होते, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सवय होते. नवऱ्याने केलेला डबा वेगळा दिसेल, मुलाचे मोजे दोन रंगांचे जातील. ते जाऊ द्यावेत. मागे फिरून दुरुस्त करत बसलं, की ते काम पुन्हा आपल्याकडेच येतं.

एकटीने मूल वाढवणाऱ्या आईला ही सोय नसते. तिथे शेजारणीशी अदलाबदल चालते: मंगळवारी तिची मुलं आपल्याकडे, गुरुवारी आपलं तिच्याकडे. नाहीतर मुलासकट व्यायाम. लहान बाळ प्रॅममध्ये, मोठं मूल सायकलवर आणि आई मागून भरभर. मुलांनाही याची गरज आहेच. पाच ते सतरा वयाच्या मुलांनी रोज सरासरी तासभर दमवणारी हालचाल करावी अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन शहरात चार वर्षांच्या साडेपाचशे मुलांना आणि त्यांच्या आयांना हालचाल मोजणारी यंत्रं लावून अभ्यास केला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. आई जितकी हलती-फिरती, तितकं मूलही, असं त्यात दिसलं. आपल्यासाठी वेळ काढताना ज्या आईला मुलांचा वेळ चोरल्यासारखं वाटतं, तिने हा निष्कर्ष जरूर लक्षात ठेवावा.

सोबत असली की टिकतं

पुण्यात पर्वतीच्या पायऱ्यांवर किंवा हनुमान टेकडीवर, मुंबईत शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती, कोल्हापुरात रंकाळ्यावर, पणजीत मिरामारला पहाटे पाहिलं तर बायकांचे घोळके दिसतात. खाली कुणीतरी थांबलंय, एवढ्यावर माणूस अंथरुणातून उठतो. गावोगावच्या मंगळागौरीच्या गटांमधूनही हेच होतं. श्रावणाच्या आधी आठवडेच्या आठवडे सराव चालतो. झिम्मा, पिंगा, बसफुगडी, सूप नाचवणं. दहा मिनिटं फुगड्या घातल्या तर भल्याभल्यांना धाप लागते. चाळिशी-पन्नाशीच्या बायका त्यात दणकून खेळतात. हा सराव श्रावणापुरता न ठेवता सोसायटीच्या हॉलमध्ये वर्षभर, आठवड्यातून एकदा ठेवला तर वेगळ्या झुंबा क्लासची गरज पडणार नाही. महापालिकांच्या बागांमधल्या ओपन जिमही सोबतीने वापरायला बऱ्या. एकटीला तिथे संकोच वाटतो, चौघींना वाटत नाही.

ठरवणं आणि खंड

‘जास्त चालायचं’ हा संकल्प टिकत नाही. कधी, कुठे आणि कशानंतर हे ठरलं की टिकण्याची शक्यता वाढते. ब्रिटनमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांचे वेगवेगळे गट केले. व्यायामाचे फायदे वाचायला दिलेल्या गटात साधारण तिघांतल्या एकाने आठवडाभरात व्यायाम केला. फायद्यांबरोबरच वार, वेळ आणि जागाही लिहायला लावलेल्या गटात ९१ टक्क्यांनी केला. आयांचं आयुष्य विद्यार्थ्यांहून बरंच गुंतागुंतीचं असतं, तरी लिहून ठेवण्याला काही खर्च नाही.

आणि खंड पडणारच. मुलाला ताप येतो, गणपती येतात, दिवाळीचा फराळ, वार्षिक परीक्षा, गावाकडचं लग्न. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, कुणाला त्याहून कितीतरी जास्त. मधला एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडली नाही. त्यामुळे खंडाच्या दिवसांसाठी एक छोटा क्रम वेगळा ठरवून ठेवावा: पंधरा उठाबशा, दहा भिंतीवरचे दंड, पाच मिनिटं जिना. फराळाच्या घाईतही एवढं होतं. मोठ्या आजारपणानंतर किंवा महिनाभराच्या खंडानंतर आधीच्या निम्म्यापासून सुरुवात करावी आणि दोन-तीन आठवड्यांत मूळ पदावर यावं. पाळीच्या दिवसांत झेपेल तितकं चालावं. पोट फार दुखत असेल तर त्या दिवशी विश्रांती घ्यावी.

सुरुवातीचा आठवडा असा आखता येईल. मंगळवार आणि शुक्रवार ताकदीचे, वीस-वीस मिनिटं. रविवारी चाळीस मिनिटांची मोठी चाल, टेकडी किंवा तळ्याकाठी. सोमवार ते शुक्रवार स्टेशनपर्यंत किंवा शाळेपर्यंतचं झपझप चालणं, येता-जाता मिळून बारा मिनिटं, म्हणजे आठवड्याचा एक तास. रात्रीच्या जेवणानंतर पाच दिवस दहा-दहा मिनिटं, जरा वेगाने. चालण्याची बेरीज बरोबर १५० मिनिटं होते आणि ताकदीचे दोन दिवस वेगळे. ज्या आईला हेही जास्त वाटेल, तिने पहिला महिना फक्त शुक्रवार आणि रविवार धरावेत, मंगळवार पुढच्या महिन्यात घ्यावा. हे तीन वार तबल्याच्या क्लासइतक्याच ठळक अक्षरात फ्रिजवरच्या कागदावर लिहावेत, आणि त्या वेळी मुलांकडे कोण पाहणार त्याचं नाव शेजारी घालावं.